माशाची ओळख कोण पटवतो?

श्रोतेहो, माशांच्या नावांचा इतिहास हा विषय एका कामगार कार्यकर्त्याने व्याख्यानासाठी का घ्यावा, असे आपल्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. नोंदवहीत नाव कोणी घालायचे आणि ते चुकले तर नुकसान कोणाचे होते, हा आमच्या चळवळीचा रोजचा प्रश्न. माशांच्या इतिहासातही तोच प्रश्न उभा आहे.

आपल्या भाईंदरच्या दुकानांत काचेच्या पेट्यांमधून निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे मासे फिरताना दिसतात. त्यांना टेट्रा म्हणतात. या गोतातले मासे मूळचे अमेरिका व आफ्रिका खंडांतल्या उष्ण नद्यांचे. आपल्या नद्यांत त्यांच्यापैकी एकही नाही. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक छोटा मांसल पर, ही टेट्राची खूण म्हणून सांगतात. पण उत्तनच्या किनाऱ्यावर जाळ्यातून निघालेला ताजा बोंबील निरखून पाहा. त्यालाही तसाच पर आहे. नदीतल्या शिंगटीलाही आहे. म्हणून काही हे तिघे सख्खे भाऊ ठरत नाहीत! एका खुणेवर ओळख पटत नाही. दात कसे, परांत काटे किती, अंगावरच्या रेषेत खवले किती, हे सारे मोजून जुन्या वर्णनांशी ताडावे लागते. शिवाय मासा कोणत्या पाण्यातला, हेही कळावे लागते. दुकानातल्या माशाचे गाव कोणी सांगू शकत नाही आणि तेथेच निम्मी ओळख हरवते.

अशा अनोळखी टेट्रांना नावे कशी मिळाली? ऑग्युस्त राबो या फ्रेंच संग्राहकाने ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून एक चमकता मासा युरोपात नेला. तोच आजचा निऑन टेट्रा. १९३६ साली जॉर्ज मायर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि विल्यम इनेस या मत्स्यालय-मासिकाच्या संपादकाचे नाव त्याला दिले. पुढे त्याच्याच जातभाईची, कार्डिनल टेट्राची, पाळी आली. १९५६ च्या फेब्रुवारीत दोन निरनिराळ्या वर्णनांनी त्याला दोन नावे दिली; एक २० तारखेचे, दुसरे २१ तारखेचे. वाद आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेला आणि एका दिवसाने आधीचे नाव टिकले. ते नाव हर्बर्ट ॲक्सेलरॉड या प्रकाशकाचे. ज्यांनी रिओ नेग्रोच्या पाण्यात उतरून हे मासे धरले, त्यांचा शब्द मात्र या नावांत कोठेच नाही.

आता आपल्या दख्खनकडे वळू. येथे शंभर वर्षांपूर्वीच वेगळा प्रकार घडला होता. विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्यास मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याच्या कामी नेमले. मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांच्या काठांनी हिंडताना त्याने शेती, हवामान, पक्षी यांबरोबर मासेही टिपले. १८३१ साली तो मायदेशी परतला आणि १८३९ व १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने त्याचे दख्खनच्या माशांवरील लेखन छापले. नव्या माशांपैकी अनेकांना त्याने आपल्याकडचीच नावे दिली, कानावर पडली तशी रोमन लिपीत उतरवून. खुद्री, कोलूस, मुल्या, नुक्ता, शिंगटी ही नावे आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत तशीच आहेत. शिंगटीला शिंगटी कोणी म्हटले? नदीवर जाळे टाकणाऱ्या माणसाने. सायक्सने ते कागदावर उतरवले.

असेच आपल्या बोंबलाचेही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि बंगालकडच्या बोलीतला शब्द घेऊन त्याचे नाव ठेवले. म्हणून आमच्या उत्तनचा बोंबील शास्त्रात बंगाली नाव लावून वावरतो!

परंतु नाव कागदावर चढले म्हणजे ओळख पक्की झाली असे नाही. शिरूरजवळ घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला सायक्सने मसुल्ला हे नाव दिले होते. पुढे १९४० च्या दशकात हे नाव कावेरीतल्या, पाठीवर वशिंड असलेल्या भल्यामोठ्या महाशीर माशाला लावले गेले. अनेक दशके तेच चालले. अलीकडे अभ्यासकांनी सायक्सचे मूळ वर्णन पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की घोड नदीचा मसुल्ला महाशीरच नव्हे. तो निराळ्याच कुळीचा आहे. मग कावेरीतला तो वशिंडवाला कोण? गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना तो दीडशे वर्षे माहीत होता, पण शास्त्रात त्याला स्वतःचे नाव नव्हते. २०१८ साली ओळख पटली. पांबार या कावेरीच्या खोऱ्यातल्या नदीतून ज्या माशाचे आधी वर्णन झाले होते आणि ज्याला रेमादेवी या भारतीय शास्त्रज्ञ बाईंचे नाव मिळाले होते, तोच हा. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

मधल्या काळात काय झाले ते ध्यानात घ्या. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० नंतर महाशीराची पिल्ले तयार होऊ लागली. नद्यांतले मासे वाढावेत, हा हेतू चांगलाच होता. त्यांतली खुद्रीची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. पुढे तेथे खुद्री माजली आणि वशिंडवाला दुर्मीळ झाला. धरणे, वाळूचा उपसा, सुरुंगाची मासेमारी हीही कारणे आहेतच. पण महाशीर म्हणून सारे एकच धरले, तर एकाच्या जागी दुसरा सोडताना कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्याची ओळख नाही त्याचे संरक्षण कोण करणार?

कारखान्यात आम्ही हेच पाहतो. वर्षानुवर्षे फिटरचे काम करणारा माणूस हजेरीपटावर हेल्पर म्हणून नोंदलेला असतो. चूक एका शब्दाची. पण पगार, भरपाई, निवृत्तीची रक्कम सारे त्या शब्दावर ठरते. आणि तो काय काम करतो हे ठाऊक असते त्याच्या शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला, कचेरीतल्या कारकुनाला नव्हे. मोजमाप करणारा शास्त्रज्ञ हवाच, त्याच्यावाचून मसुल्लाचा घोळ सुटला नसता. परंतु पाण्यात उतरणाऱ्याची साक्षही त्याच नोंदीत हवी.

तेव्हा माझी सूचना एवढीच. उत्तन, पाली, चौक येथील कोळी बंधू-भगिनी जाळ्यातल्या लहानसहान माशालाही नावाने ओळखतात. शाळांनी ही नावे उतरवून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे मासा कोठल्या पाण्यातला, कोणत्या महिन्यातला, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर सांगणारा कोण, हेही लिहावे. सायक्सने शब्द जपला. सांगणाऱ्याचे नाव जपण्याचे काम आपले आहे. खाडी बदलते आहे, जाणती माणसे वयाने थकत चालली आहेत. हे काम पुढच्या वसंतापर्यंत लांबवू नये.