ऑलिव्हर स्टोन यांचा 'अलेक्झांडर' (२००४): चित्रपटसमीक्षा आणि झेलमचे युद्ध

'ग्लॅडिएटर' (२०००) या चित्रपटाच्या यशानंतर हॉलिवूडला प्राचीन इतिहासाचे पुन्हा आकर्षण वाटू लागले. 'ट्रॉय' आणि ऑलिव्हर स्टोन दिग्दर्शित 'अलेक्झांडर' हे दोन्ही चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाले. सुमारे १५.५ कोटी डॉलर खर्चाच्या 'अलेक्झांडर'ला अमेरिकेत जेमतेम ३.४ कोटी डॉलर मिळाले. इतर देशांतील उत्पन्नामुळे एकूण आकडा १६.७ कोटींच्या आसपास गेला. अमेरिकन समीक्षकांनी चित्रपटाची लांबी, कंटाळवाणे निवेदन, कॉलिन फॅरेल यांचे रंगविलेले सोनेरी केस आणि मॅसिडोनियन पात्रांच्या तोंडचे आयरिश उच्चार यांवर कठोर टीका केली. ग्रीसमधील काही वकिलांनी नायकाच्या समलिंगी आकर्षणाच्या चित्रणावरून खटल्याचा इशारा दिला व पुढे तो सोडून दिला. स्टोन यांनी अपयशाचे खापर काही अंशी अमेरिकेतील नैतिक सनातनीपणावर फोडले.

या गदारोळात इतिहासाच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न मागे पडला. गॉगामेलाच्या लढाईचे (इ.स.पू. ३३१) चित्रण बरेच काळजीपूर्वक झाले आहे. ऑक्सफर्डचे इतिहासकार रॉबिन लेन फॉक्स चित्रपटाचे सल्लागार होते. मोबदला म्हणून त्यांनी घोडदळाच्या चढाईत स्वतः स्वार होण्याची संधी मागून घेतली होती! परंतु कथानक भारतात येताच ही काळजी सुटते. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरने पावसाळी रात्री, छावणीपासून दूर वरच्या अंगाला झेलम ओलांडली आणि मोकळ्या मैदानात पोरसचा पराभव केला. चित्रपटात ही लढाई थायलंडमध्ये चित्रित केलेल्या घनदाट अरण्यात होते. त्याहून मोठा फेरफार घटनांच्या क्रमात आहे. सैन्याने पुढे जाण्यास नकार दिला तो झेलमच्या विजयानंतर, बियासकाठी. छातीत बाण लागला तो त्याही नंतर, मल्ली अर्थात मालवांच्या नगरावरील हल्ल्यात. चित्रपटाने सैन्याचा असंतोष झेलमच्या आधी नेला आणि प्राणघातक जखम झेलमच्याच रणात आणली. परिणामी माघारीचे कारण बदलते. वर्षानुवर्षांच्या मोहिमेने व पावसाने थकलेल्या, पूर्वेकडील मोठ्या सैन्याच्या वार्तेने धास्तावलेल्या सैनिकांचा निर्णय बाजूला पडून जखमी नायकाचे औदार्य शिल्लक राहते. पराभूत पोरसला राज्य परत देऊन त्यात नव्या प्रदेशाची भर घालण्याचे अलेक्झांडरचे धोरणही वगळले गेले आहे. सोहराब मोदी यांच्या 'सिकंदर' (१९४१) मध्ये पृथ्वीराज कपूर यांचा सिकंदर आणि मोदींचा पोरस समोरासमोर उभे ठाकतात. त्या भेटीशी परिचित असलेल्या भारतीय प्रेक्षकाला ही उणीव विशेष जाणवते.

समीक्षकांनी नापसंत केलेले टॉलेमीचे निवेदन मात्र अभ्यासकाला सहज टाकून देता येत नाही. टॉलेमीचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. चार शतकांहून अधिक काळानंतर लिहिणाऱ्या एरियनने त्याचा मोठा आधार घेतला. चित्रपटातील वृद्ध टॉलेमी अलेक्झांडरच्या मृत्यूचे रहस्य लेखनिकाला सांगतो आणि लगेच तो मजकूर फेकून देण्यास फर्मावतो. साधनग्रंथ कसे घडतात याविषयी इतके स्पष्ट दृश्य व्यावसायिक चित्रपटात क्वचितच आढळते. पॉल कार्टलेज व फिओना रोझ ग्रीनलँड यांनी संपादित केलेल्या २०१० च्या लेखसंग्रहात अभ्यासकांनी या चित्रपटाचा गांभीर्याने विचार केला, तोवर वृत्तपत्रांचा निकाल लागून सहा वर्षे लोटली होती.

स्टोन यांनी २००५, २००७ व २०१४ मध्ये नव्या आवृत्त्या काढल्या. त्यांत प्रसंगांची मांडणी बदलली. झेलमचे अरण्य आणि तेथील जखम मात्र कायम राहिली.