मचाण

मचाण : शिकार, शेताची राखण किंवा वन्य प्राण्यांची टेहळणी यांसाठी झाडावर अथवा खांबांवर उभारलेली लाकडी बैठक. संस्कृत ‘मञ्च’ या शब्दापासून हा शब्द आला. हिंदुस्थानातील इंग्रज शिकाऱ्यांनी तो जसाच्या तसा उचलल्यामुळे इंग्रजी कोशांतही त्यास स्थान मिळाले. शेतातील राखणीच्या मचाणास मराठीत माळा म्हणतात, तर जमिनीवर फांद्यांचा आडोसा करून तयार केलेल्या जागेस लपण म्हणतात. नागपूरच्या उत्तरेस पेंच, पूर्वेस नागझिरा-नवेगाव, दक्षिणेस ताडोबा आणि नैर्ऋत्येस बोर असे वनप्रदेश असून अनेक ठिकाणी शेत व जंगल यांच्यामध्ये एका धुऱ्याचेच अंतर असते. त्यामुळे मचाणाचे हे तिन्ही उपयोग या भागात आढळतात.

यांपैकी राखणीचा उपयोग सर्वांत जुना म्हणावा लागेल. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत शेत राखणाऱ्या स्त्रियांचे उल्लेख येतात. ज्वारी निसवल्यावर दिवसा पाखरांवर गोफण चालवावी आणि रात्री रानडुकरांसाठी जागल करावी, हा विदर्भातील शेतकऱ्याचा क्रम आजही पुष्कळ गावांतून चालू आहे. शिकारीचे मचाण हे या माळ्याचेच रूपांतर होय. ते बांधणारे हातही बहुधा तेच, म्हणजे गोंड व इतर वनवासी शेतकऱ्यांचे होते.

बांधणी : माळ्यासाठी ऐन, धावडा किंवा सागाच्या चार मेढी जमिनीत पुरतात. मेढींची वरची टोके बेळक्यांची असतात. बेळक्यांत आडवी लाकडे बसवून त्यांवर बांबू अंथरतात व वर तणस किंवा कडबा पसरतात. खिळा क्वचितच वापरला जाई. पळसाच्या मुळांचा किंवा मुरडशेंगेच्या सालीचा दोर पुरेसा होई. वर तट्ट्याचे छप्पर व चढण्यास बांबूची शिडी एवढ्यात काम भागते.

शिकारीच्या मचाणास छप्पर नसे, पण इतर बाबतींत त्याची बांधणी अधिक नाजूक असे. बऱ्याचदा झाडाच्या दुबेळक्यात साधी खाटच उलटी किंवा सुलटी बांधीत. उंची सामान्यतः ४ ते ५ मीटर ठेवीत. वाघ सहसा वर पाहत नाही, हे शिकाऱ्यांचे अनुभवसिद्ध मत होते. तो गंधापेक्षा दृष्टी व श्रवण यांवर अधिक विसंबतो. म्हणून मचाणाचा खरा शत्रू वास नसून आवाज होय. लाकडावर लाकूड घासून करकर होऊ नये यासाठी सांध्यांत चिंध्या घालीत. चितळ व सांबर यांची गोष्ट वेगळी. त्यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असल्याने वाऱ्याची दिशा पाहूनच झाड निवडावे लागे. आडोशाची पाने त्याच जातीच्या झाडाची असत व ती सुकण्यापूर्वी बदलीत. हिरव्या झाडावर तपकिरी पडलेला एक झुबका सावध जनावरास दुरूनच जाणवतो. हे सारे ज्ञान गावच्या वाटाड्याचे असे. शिकाऱ्यांच्या छायाचित्रांत मेलेल्या वाघाशेजारी बंदूकधाऱ्याचे नाव असते. झाड निवडणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली व १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. त्यानंतर ही जंगले बाहेरच्या शिकाऱ्यांना सुगम झाली. कॅप्टन जेम्स फोरसाइथ (१८७१) व रॉबर्ट स्टर्नडेल (१८७७) यांच्या ग्रंथांनी सातपुड्याच्या वनांची कीर्ती इंग्लंडपर्यंत नेली. राखीव जंगलांचे शिकारखंड पाडून परवाने देण्यात येऊ लागले. हाक्याची शिकार खर्चाची व अनेक माणसे लागणारी होती. त्याउलट रेडकू बांधून किंवा वाघाने मारलेल्या जनावरावर मचाण बांधून बसणे एकट्यादुकट्यासही शक्य होते. बंदुकीला जोडण्याची विजेची बत्ती आल्यावर काळोखाची अडचणही दूर झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांसाठी शिकारसहली आयोजित करणारा व्यवसाय येथे वाढला. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी नागपुरात स्थापलेली अ‍ॅल्विन कूपर ही कंपनी त्यांतील प्रसिद्ध होय.

ताडोबा येथे १९३५ मध्येच शिकारीस बंदी झाली होती व १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० मध्ये वाघाची शिकार देशभर थांबविण्यात आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मचाणाच्या मर्मावरच बोट ठेवले. काही पक्षी वगळता पाणवठ्यावर, क्षारयुक्त चाटणावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करण्यास त्याने मनाई केली. रात्रीची व कृत्रिम उजेडातील शिकारही खास परवानगीखेरीज निषिद्ध ठरली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर, माणसाच्या जिवास धोका अशांसारखे अपवाद सोडल्यास, शिकारीस जागाच उरली नाही.

विशेष असे, की ज्या पाणवठ्यावर मचाण बांधून शिकार करणे गुन्हा ठरले, तेथेच ते शासकीय कामासाठी पुन्हा उभे राहिले. वैशाख पौर्णिमेस पाणी मोजक्या ठिकाणी उरते व चांदणे लख्ख असते. म्हणून त्या दिवशी मचाणावर २४ तास बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा वनखात्याने पाडली. या गणनेत एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याचा दोष होताच, व आभाळ आले तर रात्र वाया जाई. २००६ पासून वाघांच्या राष्ट्रीय गणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर सुरू झाला. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात तारेच्या झटक्याने वाघाकडून त्याचेच छायाचित्र काढून घेतले होते. त्याच युक्तीची ही वाढ होय. पौर्णिमेचा कार्यक्रम आता ‘निसर्गानुभव’ या नावाने सामान्य नागरिकांसाठी होतो व मचाणावर बसण्यासाठी शुल्क भरून शहरातील लोक येतात.

शेतातील माळ्याची स्थिती मात्र कठीण आहे. संरक्षणामुळे वाघ, तसेच रानडुक्कर व रोही, शेतशिवारात पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले. जागलीस जाणाऱ्यास आता पिकाबरोबर स्वतःच्या जिवाचीही काळजी करावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या घटना वारंवार घडतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, परंतु पंचनामा सकाळी होतो आणि रात्र शेतकऱ्यालाच काढावी लागते. जागल टाळण्यासाठी काहीजण कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडतात. ते बेकायदेशीर असून त्यात वन्य पशूंप्रमाणे माणसेही मृत्युमुखी पडली आहेत. मंद झटका देणारे सौर कुंपण हा त्यावरील सुरक्षित पर्याय अनेक गावांत स्वीकारला जात आहे. जेथे ते पोहोचलेले नाही, तेथे पीक निसवले की धुऱ्याकडेच्या मेढींवर नवे बांबू चढतात.