घोट्यावरचा तिठा

गेल्या वर्षी तीन महिने मी आईला दर आठवड्याला एका फिजिओथेरपिस्टकडे नेत होतो. लघवीची भावना झाली की तिला दोन मिनिटंही धरवत नसे. लग्नकार्याला गेली तरी आधी मोरी कुठे आहे ते पाहून ठेवायची, आणि एसटीचा प्रवास तर तिने सोडूनच दिला होता. पहिल्या दिवशी त्या मुलीने आईच्या पायाच्या आतल्या घोट्यावर तीन बोटं आडवी ठेवून जागा मोजली, तिथे एक चिकटपट्टी लावली, दुसरी टाचेजवळ लावली आणि यंत्राचं बटण हळूहळू फिरवलं. आई म्हणाली, "अगं, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखणं ओटीपोटात आणि वीज पायाला?"

"आजी, नस एकच आहे," मुलगी म्हणाली. तेवढ्यात आईच्या पायाचा अंगठा आपोआप आत वळला. तळपायाला मुंग्या आल्या. जागा बरोबर सापडल्याची हीच खूण.

नस एकच आहे, हे खरं. घोट्यामागून तळपायाकडे जाणाऱ्या टिबियल नसेचे धागे कंबरेच्या आणि त्रिकास्थीच्या पातळीवरच्या मज्जातंतूंतून निघतात. मूत्राशयाला आवळायला लावणारे धागे त्रिकाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जोडीतून येतात. दुसरी आणि तिसरी जोडी दोघांची सामाईक आहे. पायाकडून वर गेलेला संदेश मज्जारज्जूच्या त्याच पेऱ्यांत पोचतो आणि मूत्राशयाची अवेळी आवळण्याची खोड दबते. पण शरीररचना कळून माझं समाधान झालं नाही. तीन बोटांचं माप माझ्या डोक्यात राहिलं. वीज देणाऱ्या माणसाने पट्टी किंवा टेप का वापरली नाही? बोटांनी मोजण्याची ही रीत कुणाची?

विद्युतोपचारांचा छापील इतिहास साधारण ठरलेला आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस आणि त्याचा विजेचा मासा; १८७८ मध्ये मूत्राशयातच विद्युतशलाका घालणारा डेन्मार्कचा सॅक्सटॉर्फ; १९६३ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी शरीरात यंत्र बसवणारा इंग्लंडचा कॅल्डवेल; मग सॅन फ्रान्सिस्कोचे टनागो आणि श्मिट, ज्यांनी थेट त्रिकातल्या नसेजवळ विद्युततार ठेवली. १९९७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्या यंत्राला मान्यता दिली. या वंशावळीत घोट्याचा उपचार धाकटी पाती म्हणून येतो: त्रिकाची शस्त्रक्रिया नको असेल त्यांच्यासाठी सोपी, स्वस्त आवृत्ती.

मला ही वंशावळ मान्य नाही. घोट्याचा उपचार त्रिकाच्या यंत्राचा मुलगा नव्हे. तो दुसऱ्याच घराण्यातला आहे आणि त्याचं मूळ गाव चीन आहे.

माझा मुख्य पुरावा १९८३ चा आहे. अमेरिकेत एडवर्ड मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी मूत्रविकारांच्या एका नियतकालिकात दोनच पानांचा लेख लिहिला. त्यांनी पायाच्या त्वचेवरून वीज देऊन मूत्राशय शांत केलं होतं. पायावरच्या जागा कशा निवडल्या, हे त्यांनी लपवलं नाही: चिनी सुईचिकित्सेत मूत्राशय शांत करायला वापरतात ते बिंदू. सहलेखकांत झांग हे नाव आहे. ही माहिती त्यांच्याकडून आली असावी, असा माझा तर्क आहे. शिवाय तो काळही तसाच होता. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. रेस्टन यांनी ते वर्तमानपत्रात लिहिलं. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले. पोटाच्या दुखण्यासाठी पायाला सुई, ही गोष्ट अमेरिकी वाचकाने पहिल्या पानावर वाचली होती.

आता तो बिंदू. चिनीत त्याला सान-यिन-ज्याओ म्हणतात: तीन यिनांचा संगम. प्लीहा, यकृत आणि वृक्क यांचे तीन मार्ग तिथे एकमेकांना मिळतात, अशी त्यांची कल्पना. कोकणात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. मला त्या चिनी नावाला याहून जवळचा शब्द सुचत नाही. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने लिहिलेल्या सुईचिकित्सेच्या ग्रंथात तो आतल्या घोट्याच्या वर तीन त्सुन, नडगीच्या हाडामागच्या खळगीत सांगितला आहे. बायकांची दुखणी आणि लघवीच्या तक्रारी यांसाठी तो आजही टोचला जातो.

पुढे मार्शल स्टोलर यांनी, तेही सॅन फ्रान्सिस्कोतलेच, या जागी चिकटपट्टीऐवजी सुई आणली. सुईही चौतीस गेजची, म्हणजे सुईचिकित्सेत वापरतात तशी केसासारखी बारीक. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे, सेकंदाला वीस झटके. २००० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. मग २०१० मध्ये २२० रुग्णांवर मोठी परीक्षा झाली. अर्ध्यांना खरा उपचार, अर्ध्यांना खोटा. खऱ्या गटात ५४.५ टक्के लोकांना चांगला फरक पडला, खोट्या गटात २०.९ टक्के. इथे मला सर्वात आवडतो तो तपशील हा: खोट्या गटासाठी वापरलेली सुई स्ट्राइटबर्गर सुई होती. तिचं टोक बोथट असतं, टेकवली की ती आतल्या आत सरकते आणि रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं. ती जर्मनीत कशासाठी तयार झाली? सुईचिकित्सेच्या चाचण्यांसाठी! बिंदू, सुई आणि परीक्षेतली खोटी सुई, तिन्ही एकाच घरातून आलेली आहेत.

प्रतिपक्ष म्हणेल, सुईला वीज जोडणं तर युरोपचं. बरोबर. संगीतकार बर्लिओझचे वडील लुई बर्लिओझ फ्रान्समध्ये डॉक्टर होते. त्यांनी १८१६ मध्ये सुईतून वीज सोडून पाहावी असं सुचवलं. १८२५ मध्ये पॅरिसच्या सार्लांदिएर यांनी ते केलं आणि पुस्तक लिहिलं. पण ते घोट्याकडे आले नाहीत. त्यांची सुई दुखेल तिथे जाई.

दुसरा दावेदार तो मासा. स्क्रिबोनियस सांगतो की गाउटने पाय दुखत असेल तर समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर जिवंत मासा तळव्याखाली घेऊन उभं राहा, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईपर्यंत. पाय, वीज, मुंग्या, सगळं आहे. मीही दोन दिवस या माशाच्या प्रेमात होतो. पण तिथे दुखणारा भाग पायच आहे. आग आणि बंब दोन्ही सोमेश्वरी. लांबच्या अवयवावर उपाय करण्याची कल्पना त्यात नाही, आणि माझ्या मते या उपचाराचा प्राण तीच कल्पना आहे.

तिसरा दावेदार मला आपल्याकडे सापडला, आणि त्याने मला सर्वात जास्त छळलं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं सांगितली आहेत. त्यांतलं एक टाचेच्या रेषेत, पोटरीच्या मध्यावर आहे. त्याचं नाव इंद्रबस्ति. बस्ति म्हणजे मूत्राशय! पायातल्या मर्माला मूत्राशयाचं नाव! त्या रात्री मला झोप लागली नाही. सुश्रुताला ही नस ठाऊक होती, असं लिहायला हात शिवशिवत होता.

सकाळी पुढचं वाचलं. इंद्रबस्तीला इजा झाली तर रक्त वाहून मृत्यू येतो, एवढंच तिथे आहे. लघवीचा उल्लेख नाही. पोटरीत खोलवर मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, त्यामुळे सुश्रुताचं म्हणणं शल्यवैद्याचं, अगदी बरोबर आहे. मग बस्ति का? याचं उत्तर शब्दाच्या दुसऱ्या अर्थात आहे असं मला वाटतं. आयुर्वेदात गुदावाटे औषध देण्यालाही बस्तीच म्हणतात, कारण ते औषध जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून देत. म्हणजे अवयवाचं नाव पिशवीला आणि पिशवीचं उपचाराला मिळालं. भरलेली पोटरीही पिशवीसारखीच दिसते. इंद्रबस्ति म्हणजे मोठी पिशवी, इतकाच माझा अर्थ. इंद्रबस्तीला मी जड मनाने वंशावळीतून बाहेर काढलं.

माझ्या बाजूलाही एक अडचण आहे. चिनी त्सुन हे माप रुग्णाच्या स्वतःच्या हाताचं असतं: चार बोटं जोडून त्यांची रुंदी म्हणजे तीन त्सुन. विजेच्या उपचारात तीन बोटं, सुमारे पाच सेंटिमीटर. एक बोट कुठे गेलं? मला वाटतं, त्सुन तीन म्हणून बोटं तीन, असं वाटेत कुणाचं तरी झालं. एका आकड्याची ही चूक जर खरोखर झाली असेल, तर तीच माझ्या बाजूचा पुरावा आहे. स्वतंत्रपणे शोधलेल्या जागेला बोटांचं माप आणि त्यात तीनाचा आकडा, असं दोन्ही कशाला चिकटेल? रुग्णाचं त्यात बिघडत नाही. नस घोट्यामागून सरळ वर जाते, एक बोट खाली टोचलं काय नि वर टोचलं काय. तिथे यिनांचा संगम असावा अशीही गरज नाही. चिन्यांनी जागा बरोबर सांगितली, कारण वेगळं सांगितलं.

२०२२ पासून अमेरिकेत घोट्याजवळ त्वचेखाली बसवायचं नाण्याएवढं यंत्र मिळतं. आईला तसलं काही लागलं नाही. तिच्या पायाला लावलेल्या पट्ट्या १९८३ च्या लेखातल्या पद्धतीच्या जास्त जवळच्या होत्या, सुई नव्हतीच. दहाव्या आठवड्यात ती रात्री एकदाच उठू लागली.

परवा तिला मी हे सगळं सांगितलं. तिने पाय खुर्चीवर घेतला, स्वतःची चार बोटं जुळवून घोट्यावर ठेवली, वरच्या कडेला अंगठा दाबला आणि म्हणाली, "ती मुलगी याच्याखाली लावायची. पण दुखतं ते इथे."