काळ्या रानातील पहारा

दिवाण सालारजंगांनी 1865 मध्ये हैदराबाद संस्थानात जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली आणि पुढे पैमाइशीने शिवारातील काळी, माळ, गायरान, पडीक अशी एकेका तुकड्याची प्रतवारी दप्तरी दाखल झाली, तेव्हा नांदेड-लातूरकडील भूमीचा हिशेब पुरा झाला असे सरकारने मानले असेल. परंतु त्याच भूमीची दुसरी एक प्रतवारी, भयाच्या मापाने केलेली, तेथील रानउंदरांनी कितीतरी आधीपासून करून ठेविली होती, आणि मला तीच अधिक सूक्ष्म वाटते.

माळावर आडोसा नाही. म्हणून तेथला मोठ्या डोळ्यांचा, लांब शेपटीचा, मागच्या पायांवर उड्या घेणारा उंदीर कानांवर विसंबतो. कानाच्या आतील त्याच्या अस्थिपोकळ्या विस्तीर्ण असल्यामुळे खर्जातले मंद आवाजही त्याला लागतात. त्याच्या कुळातील वाळवंटी उंदीर चांदण्या रात्री उघड्यावर कमी फिरतात, हे अभ्यासकांनी नोंदिलेच आहे. बिळाला तोंडे अनेक; त्यांतले एखादे बाहेरून दिसतच नाही, कारण बोगदा पृष्ठभागापर्यंत आणून वर मातीचा पातळ पापुद्रा राखलेला असतो, आणि धामण आत शिरली की तो फोडून धनी पसार होतो.

काळीत प्रकार वेगळा. पुरुषभर उंचीचा जोंधळा उभा असेतो आकाशात एका जागी पंख फडफडवीत ठाकलेल्या कापशी घारीला खालचे काही दिसत नाही. संकट येते ते जमिनीलगत, मुंगसाच्या वा नागाच्या रूपाने, आणि उन्हाळ्यात तर भेगाळलेल्या जमिनीतूनच. म्हणून घूस बिळाचे तोंड ताज्या मातीने बुजवून दिवस काढते. कंधार, औसा, उदगीर येथील किल्ल्यांच्या ढासळत्या तटांवर मात्र खार दिवसाढवळ्या वावरते, आणि शिक्रा वा मांजर दृष्टीस पडताच शेपटी झटकीत असा चिरका गजर लावते की आसपासच्या सर्व खारी जागच्या जागी थिजतात.

ही विद्या माणसांपैकी कोणी खरोखर हस्तगत केली असेल, तर ती बिळे खणून उंदीर धरणाऱ्या आणि त्यांनी साठविलेली कणसे काढून घेणाऱ्या वडारांनी. चोरवाट हुडकल्यावाचून त्यांच्या हाती काही लागत नसे. दुष्काळात त्या कणसांवर चूल पेटे. महसुली दप्तराने या ज्ञानाची दखल घेतली नाही, याची मला खंत वाटते.

गेल्या काही दशकांत जोंधळ्याच्या जागी सोयाबीन आले. ते दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि रान उघडे पडते, त्यामुळे उंदीर बांधाच्या गवताकडे लोटले जातात. मांजरा नदीकाठच्या उसात मात्र घुशीला वर्षभर आडोसा मिळतो. गायराने नांगराखाली गेली तशी खोकडांची वस्ती आणि हिवाळी पाहुण्या भोवत्या पक्ष्यांची मुक्कामाची कुरणेही आक्रसली. आता कृषी खाते पिकात पक्षीथांबे रोवण्याचा सल्ला देते, आणि तो योग्यच आहे. पण रात्री तेथून उंदीर टिपणाऱ्या घुबडाला दिवसा ढोली लागते, आणि बांधावरची ढोलीची जुनी झाडे आपण तोडीत चाललो आहोत.