खाटेखालची नाडी

दिवाळीच्या आगेमागे जत तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या ऊसपट्ट्याकडे निघतात. घरी उरतात म्हातारीकोतारी, क्वचित शाळकरी नातवंडं. रात्री म्हाताऱ्याला दम लागला, तर ते सकाळपर्यंत कोणाला कळत नाही. आणि कळलं तरी मिरजेची रुग्णालयं जवळ नाहीत. अशा घरांसाठी आज एक पातळ पट्टी मिळते. ती गादीखाली सरकवायची. अंगाला काही चिकटवायचं नाही, बटण दाबायचं नाही. झोपलेल्या माणसाचे ठोके आणि श्वास ती मोजत राहते. तिचं कूळ मात्र दीडशे वर्षांचं आहे.

१८७७ साली जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी नोंदवलं, की वजनकाट्यावर माणूस निश्चल उभा राहिला तरी काट्याची सुई नाडीच्या ठेक्यात थरथरते. कारण साधं आहे. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत फेकतं आणि बंदूक उडाल्यावर खांद्याला बसावा तसा उलटा धक्का सगळ्या शरीराला बसतो. तो इतका बारीक, की आपल्याला जन्मभर जाणवत नाही. त्यानंतर साठेक वर्षं या निरीक्षणाकडे फारसं कोणी वळलं नाही.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर आयझॅक स्टार यांनी १९३९ मध्ये छताला तारांनी टांगलेल्या पलंगावर माणसं झोपवून हा धक्का कागदावर उतरवला. मला त्यांची चिकाटी सर्वांत मोलाची वाटते. तपासलेल्या माणसांचा माग त्यांनी वीस वर्षं घेतला आणि ज्यांचे धक्के सुरुवातीलाच क्षीण होते, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त आढळल्याचं दाखवलं. तरीही हे तंत्र मागे पडलं. पलंग अवजड, माणूस जरा हलला की नोंद बिघडायची. त्यात ईसीजी सोपा आणि पुढे सोनोग्राफीही आली.

हे तंत्र परतलं दाबाची वीज करणाऱ्या स्वस्त संवेदकांमुळे आणि कूस बदलल्याची हालचाल ठोक्यांपासून वेगळी काढणाऱ्या गणितामुळे. बंगळुरूत मुदित दंडवते आणि गौरव परचानी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘डोझी’ची पट्टी याच वंशातली. कोविडमध्ये ती रुग्णालयांतल्या साध्या खाटांवर पोहोचली. जपानने घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवण्याची दुसरी वाट काढली: झोजिरुशी कंपनीची २००१ ची चहाच्या पाण्याची किटली, जी वापरली की नाही एवढंच दूरच्या मुलांना कळवायची.

ही पट्टी रोग ओळखत नाही. पण दोन-तीन रात्री श्वासाचा वेग चढत गेला, तर ती खूण पुढच्या बिघाडाच्या आधी येऊ शकते. आणि नेमकी हीच खूण घरात कोणी मोजत नाही. म्हणून मला ही पट्टी जतसारख्या तालुक्यात हवी आहे. मात्र आधी ती इथल्या अंथरुणावर तपासली पाहिजे. ती गादीसाठी घडवलेली. इथे कितीतरी जण वाकळ टाकून भुईवर किंवा सुंभाच्या बाजेवर झोपतात. आणि पट्टीचा निरोप फडावरच्या मुलाला गेला, तर तो तिथून काय करणार? तो आधी शेजारच्या घरी आणि गावच्या आशाताईंकडे जावा, आणि तालुक्याच्या पूर्व भागातल्या कन्नड बोलणाऱ्या गावांत कन्नडमध्येही.