डेमेटरची लेक

अमेरिकेतल्या हायस्कुलांत मुलं ग्रीक पुराणकथा शिकतात. एडिथ हॅमिल्टनबाईंचं १९४२ सालचं पुस्तक तिथे आजही वाचतात. धान्याची देवी डेमेटर, तिची कथा बहुतेकदा ‘हिवाळा का येतो’ एवढ्यासाठीच सांगतात. मला ती आईची गोष्ट वाटते. पाताळाच्या राजानं तिची लेक पर्सेफनी पळवली. बाप झ्यूसची संमती होती; आईला विचारलंच नाही! मग आईनं शेतात दाणा उगवू दिला नाही. देवांचे नैवेद्यही बंद पडायला आले, तेव्हा कुठे लेक परतली, तीही वर्षातले आठच महिने.

अथेन्समध्ये पेरणीच्या सुमारास नागरिकांच्या बायका या मायलेकींचा थेस्मोफोरिया सण पाळायच्या. तीन दिवस घराबाहेर, पुरुषांना मज्जाव. मधल्या दिवशी जमिनीवर बसून उपास. नगरसभेत त्यांना मत नव्हतं. सणाच्या प्रमुख मात्र त्या आपल्यातूनच निवडत.