स्वारी आणि यात्रा : कारंजा, पानिपत व ‘माझा प्रवास’

मराठीत युद्धाची आणि प्रवासाची परिभाषा बऱ्याच अंशी एकच आहे. ‘स्वारी’ म्हणजे चढाई, तसेच थोर व्यक्तीचे आगमनही. ‘कूच’, ‘मुक्काम’, ‘मजल-दरमजल’ हे शब्द फौजेचे तसेच यात्रेकरूंचेही. खंडणी वसूल करीत फिरण्यास ‘मुलूखगिरी’ म्हणत. आज व्याख्यात्याच्या दौऱ्यासही तोच शब्द चालतो. सह्याद्रीतील गड चढणारे तरुणही ‘मोहिमे’वरच निघतात. हा केवळ भाषिक योगायोग मानता येणार नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत इंग्रजी अमदानीतील प्रभावाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे युद्ध आणि यात्रा यांच्या या जुन्या सहवासाला मिळालेले नाही. हा सहवास लक्षात घेतला म्हणजे काही परिचित संहितांचा अन्वयार्थ बदलतो.

वऱ्हाडातील कारंजा हे आज वाशीम जिल्ह्यात मोडणारे गाव (हा जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला) या दृष्टीने उद्बोधक ठरते. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात आणि भट्टारकांची पीठे असल्यामुळे जैन परंपरेत या गावाला तीर्थाचे स्थान आहे. मोगल काळात ते संपन्न बाजारपेठही होते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले. जदुनाथ सरकारांनी ही लूट सुमारे एक कोट रुपयांची आणि ती वाहून नेणारी जनावरे चार हजार असल्याचे नमूद केले आहे. यानंतर काही वर्षांनी, विक्रम संवत १७३१-३२ च्या सुमारास, शीलविजय हा श्वेतांबर साधू दक्षिणेच्या यात्रेस आला. आपल्या ‘तीर्थमाला’ या रचनेत त्याने कारंजातील बघेरवाल श्रावक भोज संघवी याचे वैभव आणि दानधर्म वर्णिला आहे. ‘संघवी’ म्हणजे स्वखर्चाने यात्रासंघ नेणारा. म्हणजे एका नोंदीत कारंजाची संपत्ती मोजली जाते ती किती जनावरांवर लादली यावरून. दुसरीत ती मोजली जाते किती लोकांच्या पुण्यास लागली यावरून. द्रव्य त्याच पेठेतले. नोंदणाऱ्याचे प्रयोजन मात्र वेगळे. वाङ्मयप्रकार वस्तुस्थितीकडे कोणत्या मापाने पाहतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

कारंजात स्वारी आणि यात्रा एकामागून एक आल्या. पानिपतच्या मोहिमेत त्या एकाच तळावर होत्या. उत्तरेकडे निघालेल्या मराठी फौजेबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबे मोठ्या संख्येने होती. शस्त्रधारी सोबतीशिवाय काशी-प्रयाग गाठणे सामान्य कुटुंबाला अवघड होते. फौज हीच सोबत. सुमारे अठरा वर्षांचे नाना फडणीस आई आणि पत्नी यांच्यासह याच फौजेबरोबर गेले होते. त्यांच्या त्रोटक आत्मचरित्रात तीर्थदर्शनाची ओढ आणि १४ जानेवारी १७६१ नंतरचे जीव वाचविण्याचे पलायन ही दोन्ही आहेत. या धामधुमीत त्यांची आई हरपली. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर सदाशिवरावभाऊंचा रोख कुरुक्षेत्राकडे होता आणि त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. बिनलढाऊ माणसांच्या भाराची चर्चा इतिहासकार लष्करी चूक म्हणून करतात. त्या माणसांच्या बाजूने पाहिले तर मात्र मोहीम हीच त्यांची यात्रा होती; एकीचा भंग म्हणजे दुसरीचाही भंग.

वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या परंपरेच्या शेवटाशी उभा आहे. मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्याकडे होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते निघाले आणि १८५७ च्या उठावात सापडले. पुढे झाशीचा पाडाव आणि तेथील लूट त्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्य वाटेत गेले. गंगाजलाची कावड मात्र घरी पोहोचली. चिंतामण विनायक वैद्यांनी हे लेखन १९०७ साली फेरफारांसह प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. ग्रंथ बहुधा ‘सत्तावन्नची हकीकत’ म्हणून वाचला गेला, त्यामुळे त्यातील यात्रा पार्श्वभूमीला गेली. वस्तुतः दक्षिणा, लूट आणि कावड हा हिशेबच या निवेदनाला आकार देतो. कारंजाच्या दोन नोंदींतील दोन मापे येथे एकाच निवेदकाच्या हाती आली आहेत.

आधुनिक पर्यटनाने हा क्रम उलटविला. वॉटर्लूच्या रणांगणावर १८१५ च्या लढाईनंतर लवकरच हौशी प्रवासी येऊ लागले. मिशलँ कंपनीने रणभूमीच्या मार्गदर्शिका काढण्यास १९१७ मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू असतानाच, आरंभ केला. आपल्याकडे १८१८ नंतर निरुपयोगी ठरलेले किल्ले १८९६ च्या रायगडावरील उत्सवापासून स्मरणाची स्थळे होत गेली. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील असून जिंजी तमिळनाडूत आहे.

ही घटना अभिमानास्पद खरीच. तथापि वारशाची ही निवड काय दाखवते आणि काय वगळते, हे समीक्षेने विचारले पाहिजे. किल्ला हे युद्ध करणाऱ्याचे ठिकाण. पेठ, वाट आणि तळ ही युद्ध सोसणाऱ्याची. तट पाहावयास जाणाऱ्याला सरदार दिसतो. व्यापारी, भिक्षुक, सैन्यामागून चालणारी आई दिसत नाही. त्यांच्यासाठी दगडी पुरावा उरत नाही, संहिताच उरते. कारंजाच्या जुन्या वेशी दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा अशा रस्त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. अशाच वाटांनी यात्रासंघ निघाले, फौजाही आल्या. त्या वाटांचा इतिहास लिहावयाचा असेल, तर बखर, तीर्थमाला, आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली साधने एकत्र वाचण्यावाचून गत्यंतर नाही.